पदार्थवाचक नाम आणि दोन एक्स्ट्रा पाव

इंग्रजी पाचवीपासून शिकलेल्या पिढीला नामांचे पाच प्रकार झोपेतून उठवून विचारले तरी सांगता येतात. कॉमन, प्रॉपर, कलेक्टिव्ह, मटेरियल, ॲबस्ट्रॅक्ट. २००० सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आली, पुस्तकं रंगीत झाली, पण पाच रकान्यांचा तो तक्ता काही जागचा हलला नाही. वर रकान्यांची नावं, खाली रिकाम्या चौकटी आणि शेजारी शब्दांची जंत्री: राईस, एग, मिल्क, बंच, सॉल्ट, स्वीटनेस. हा गृहपाठ दप्तरातून बाहेर निघण्याची वेळ आणि कुकरच्या शिट्ट्यांची वेळ बहुतेक घरांत एकच असते. मूल ओट्यापाशी येऊन विचारतं, "आई, एग काउंटेबल आहे का?" आई फ्रिज न उघडता सांगते, "दोनच उरलीत."

उत्तर अगदी बरोबर आहे. फक्त ते तक्त्यात लिहिता येत नाही.

हा पाच खोल्यांचा संसार हिंदुस्थानातल्या शाळांत थाटला तो जे. सी. नेसफील्ड या व्याकरणकाराने. ब्रिटिश अमदानीत उत्तर हिंदुस्थानच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेला हा माणूस. त्याने मटेरियल नाऊनला स्वतंत्र खोली दिली आणि तिथून पुढच्या पोरांच्या मागे ती कायमची लागली. नंतर रेन आणि मार्टिन ही जोडगोळी आली. त्यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते, कराचीच्या हायस्कुलात हेडमास्तर होते. याच गृहस्थांनी १९२४ साली 'बो जेस्ट' ही फ्रेंच फॉरिन लीजनच्या शिपायांची गाजलेली कादंबरी लिहिली. तिच्यात सहाराची वाळू अगणनीय आहे आणि मेलेले शिपाई गणनीय. व्याकरणकाराचा हात असा लपत नाही.

मटेरियल नाऊनला मराठीत पदार्थवाचक नाम म्हणतात, आणि खरा घोटाळा इथून सुरू होतो. हे नाव ठेवणाऱ्याच्या मनात लोखंड, सोनं, लाकूड, तेल असलं काहीतरी असणार. पण मराठी मुलाच्या लेखी पदार्थ म्हणजे थालीपीठ. 'पदार्थवाचक नामाची पाच उदाहरणं लिहा' म्हटलं की शिरा, उपमा, भजी, ढोकळा, करंजी अशी उत्तरपत्रिका घमघमायला लागते. बाईंनी लाल पेनाने सरसकट काट मारावी, तर तेही अन्यायाचं. शिरा आणि उपमा नियमात तंतोतंत बसतात. 'तीन शिरे खाल्ले' असं घरात कोणी म्हणत नाही. करंज्या मात्र मोजून खाल्ल्या जातात आणि मोजून डब्यात ठेवल्या जातात. भजी सुरुवातीला मोजली जातात, पाऊस वाढला की मोजणं थांबतं. तेव्हा पाचांतले किती गुण द्यायचे, हे हवामान बघून ठरवावं लागेल.

इंग्रजांना हा प्रश्न सुटला असेल, अशी एक भाबडी समजूत आपल्याकडे आहे. त्यांच्या भाषेत राईस मोजता येत नाही. ठीक. ताटातली शितं कोण मोजत बसणार? वाटाणे मोजता येतात, वन पी, टू पीज. हेही ठीक, वाटाणा अंमळ मोठा असतो. पण मग ओट्स कायम अनेकवचनी आणि व्हीट कायम अगणनीय, हे कसं? दोन्ही धान्यंच, दाण्यात म्हणावा असा फरक नाही. ही जोडी भाषाशास्त्राच्या वर्गांत उदाहरण म्हणून फार जुनी आहे. डेन्मार्कचे ऑटो येस्पर्सन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला असल्या न मोजल्या जाणाऱ्या शब्दांना 'मास वर्ड' असं नाव देऊन त्यांचा रीतसर अभ्यास केला. ओट्सना मात्र मान कोणीच दिला नाही. डॉक्टर जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशात ओट्सची व्याख्या करताना हे धान्य इंग्लंडात घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडात माणसं खातात, असा चिमटा काढून ठेवला. आज हेच ओट्स पुण्यामुंबईत डॉक्टरांच्या सल्ल्याने उपम्यात घालतात. खाणाऱ्याच्या चेहऱ्यावरून जॉन्सनची व्याख्या अजून रद्द झालेली दिसत नाही.

वाटाण्याची कथा तर याहून भारी. पूर्वी इंग्रजीत 'पीज' हाच एकवचनी शब्द होता, आपल्या डाळीच्या जातीचा, ढिगाने बोलायचा. शेवटच्या 'ज'मुळे लोकांना वाटायला लागलं की हे अनेकवचन असणार, आणि अनेकवचन आहे तर एकवचन कुठेतरी असलंच पाहिजे. सतराव्या शतकात लोकांनी 'ज' छाटला आणि 'पी' तयार केली. म्हणजे इंग्रजीत आधी ढीग झाला आणि मग त्यातून दाणा निघाला. चेरीच्या बाबतीतही फ्रेंच शब्दाची शेपटी अशीच कापली गेली होती. एवढं होऊनही वाटाणा काउंटेबल का, असं विचारणाऱ्या मुलाला 'नियम आहे' एवढंच सांगितलं जातं.

हसण्याआधी मराठी माणसाने आपल्या फळीवरचे डबे उघडून पाहावेत. मूग भिजवले, पण मटकी भिजवली. गहू दळून आणले, ज्वारी दळून आणली. वाटाणे अनेकवचनी, चवळी एकवचनी. पोहे झाले का, असं विचारायचं आणि साबुदाणा भिजला का, असं. दोन्ही डब्यांत दाण्यांची संख्या तेवढीच अगणित. चुरमुरे, शेव आणि फरसाण एका कागदात आले की त्यांची एकवचनी भेळ होते. तांदूळ धुतले की अनेक असतात, शिजले की एक भात होतो. कुकरच्या चार शिट्ट्यांत वचन बदलण्याची ही किमया जगात फार थोड्या भाषांना साधली असेल. यामागे काही तर्क आहे का, याचा शोध घेणाऱ्याने घ्यावा. सुनेला मात्र हे पहिल्या दिवसापासून यावं लागतं. 'पोहे झाला' म्हणणारी मुलगी कुठल्या माध्यमात शिकली, हे सासूला तेवढ्यावर कळतं.

आपल्या म्हणी तर या बाबतीत व्याकरणाच्या पुस्तकांना लाजवतील. शितावरून भाताची परीक्षा, यात शीत मोजता येतं, भात येत नाही, आणि मोजता येणाऱ्याच्या जोरावर न मोजता येणाऱ्याचा निकाल लावला आहे. एक तीळ सात जणांत वाटून खाल्ला, यात तर कहरच. इंग्रजीतलं सेसमी मोजायलाच तयार नसतं. इथे तो एक आहे, त्याचे भाग सात आहेत आणि प्रत्येकाला आपला वाटा पोचल्याचं समाधान आहे.

तत्त्वज्ञांनीही यात हात घातला आहे. जेफ्री पेलेटियर यांनी १९७५ साली एका निबंधात, डेव्हिड लुइस यांच्या सांगण्यावरून, एका काल्पनिक यंत्राचा उल्लेख केला. नाव 'युनिव्हर्सल ग्राइंडर'. त्याच्या एका तोंडातून मोजता येणारी कुठलीही वस्तू आत टाकायची. दुसऱ्या तोंडातून जे बाहेर पडेल त्याचं नाव आपोआप अगणनीय होतं. अंडं टाकलं तर टेबलभर 'एग'. तत्त्वज्ञानाच्या जगात या यंत्राची बरीच चर्चा झाली. मराठी घरात ते पाटा-वरवंट्यापासून चालत आलेलं आहे आणि हल्ली तीन भांड्यांसकट हप्त्याने मिळतं. आठ मिरच्या आत, ठेचा बाहेर. मूठभर शेंगदाणे आत, कूट बाहेर. आणि नारळाचं तर विचारूच नका. अख्खा असतो तेव्हा तो नग असतो, फुटला की दोन वाट्या होतात, खवला की त्याचा चव होतो. हा चव पुल्लिंगी, खोवणीखाली पडणारा, चक्क मटेरियल नाऊन. तोच आमटीत पडला की आमटीला येते ती चव, स्त्रीलिंगी आणि ॲबस्ट्रॅक्ट. एकच शब्द लिंग बदलून दोन रकान्यांत जाऊन बसतो.

प्राणी आणि मांस यांची इंग्रजीतली फारकत शाळेत हमखास सांगतात. गोठ्यात शीप, ताटात मटन. चिखलात पिग, ताटात पोर्क. १०६६ नंतर राज्य नॉर्मन फ्रेंचांचं झालं, राखणारे इंग्रज राहिले आणि खाणारे फ्रेंच, म्हणून ही विभागणी झाली, असं वॉल्टर स्कॉटने 'आयव्हॅन्हो'त विदूषकाच्या तोंडून वदवलं. प्रत्यक्षात ही वाटणी पक्की व्हायला कित्येक शतकं लागली. फ्रेंच शब्द जिवंत जनावरांनाही बराच काळ लावले जात होते. कोंबडीला मात्र दुसरं नाव मिळालंच नाही. म्हणून चिकनच्या आधी चुकून 'अ' लावला की बोलणाऱ्याने पिसांसकट अख्खी कोंबडी फस्त केली, असा अर्थ निघतो. मराठी माध्यमातल्या कित्येकांनी इंग्रजी मुलाखतीत हा पराक्रम केला आहे. मटणाचं आपल्याकडे आणखी वेगळं झालं. शब्द मेंढीचा आला आणि बसला बोकडावर.

मोजायचं कधी आणि थांबायचं कधी, हे ज्याला शिकायचं असेल त्याने कोकणपट्टीतल्या कुठल्याही मासळी बाजारात सकाळी अर्धा तास उभं राहावं. पापलेट फळीवर जोडीने मांडलेलं असतं. भाव जोडीचा, घासाघीस जोडीवर. हे गणनीय नाम. शेजारी मांदेलीचे आणि कोलंबीचे वाटे लावलेले. वाटा म्हणजे कोळणीने हाताने केलेला ढीग, हे समूहवाचक नाम. त्यात किती नग आहेत हे ती सांगत नाही, गिऱ्हाईक विचारत नाही, पण "ताई, वरून चार घाल ना" म्हटल्यावर पडणारे चार मात्र दोघीही डोळ्यांत तेल घालून मोजतात. पलीकडे सुरमई आडवी पडलेली असते. ती एक आहे, पण एक म्हणून ती लग्नकार्यालाच विकली जाते. एरवी कोयत्याखाली गेली की तुकड्या. आणि शेवटी टोपलीत जवळा. हजारो जीव एका एकवचनी पुल्लिंगात कोंबलेले. 'दोन जवळे द्या' म्हणणाऱ्याला बाजारातून हाकलून देतील. इंग्रजांकडे 'व्हाइटबेट' हे तसंच बारक्या मासळीचं अगणनीय नाव आहे. जीव बोटाच्या पेराहून लहान झाला की त्याची शिरगणती थांबते, यावर कोळीण आणि लंडनचा खानसामा यांचं एकमत दिसतं.

शाळेतली कलेक्टिव्ह नाऊन्स यापुढे फारच बिचारी वाटतात. द्राक्षांचा बंच, किल्ल्यांचा बंच, केळ्यांचाही बंचच. मंडईत द्राक्षांचा घड, केळ्यांची फणी, कोथिंबिरीची जुडी, मेथीची गड्डी, लसणाचा गड्डा आणि आंब्याची पेटी. यातली एकही दुसरीच्या जागी चालत नाही. मेथीचा घड मागणारा माणूस नवीन आहे हे भाजीवाली ओळखते आणि भाव त्याप्रमाणे सांगते.

मोजता येणाऱ्या आणि न येणाऱ्या अन्नाचा खरा उपयोग आहे तो सामाजिक. पोळी मोजता येते, हेच तिचं दुर्दैव. "किती पोळ्या घेणार? त्या अंदाजाने कणीक भिजवते," हा प्रश्न कितीही प्रेमाने विचारला तरी पाहुणा चपापतो. तीन म्हणावं तर हावरट, दोन म्हणावं तर उपाशी. भाताचा असा पंचनामा होत नाही. "भात वाढू?" "थोडासा." या थोडाशात डोंगर मावतो. आहारतज्ज्ञांच्या कागदावर 'दोन फुलके' असं स्वच्छ लिहिलेलं असतं आणि तोच कागद भाजीपुढे 'एक वाटी' म्हणून थांबतो. वाटी कोणती ते लिहायचं राहून जातं, आणि मराठी घरात वाटीचे आकार चटणीच्या वाटीपासून श्रीखंडाच्या वाटीपर्यंत असतात. लग्नाच्या पंगतीत (पंगत हेही समूहवाचक नाम, आता बुफेने मोडीत काढलेलं) पैजा लागायच्या त्या जिलब्यांच्या. मठ्ठ्याची पैज कोणी लावल्याचं ऐकिवात नाही. पुरावा राहत नाही ना! भाकरीवाल्यांनी यावर अर्धा तोडगा काढून ठेवला आहे. पोट भरलेल्या माणसाला अख्खी भाकरी वाढता येत नाही, म्हणून चतकोर. चतकोर घेणाऱ्याने भाकरी घेतली असं धरत नाहीत. त्याने अशा चार चतकोर घेतल्या तरी धरत नाहीत.

द्रवाला आणि पिठाला मोजात आणायला इंग्रजीला 'अ कप ऑफ', 'अ पिंच ऑफ' असे कुबड्यांचे शब्द लागतात. मराठीत एका 'भर'वर काम भागतं. चिमूटभर हिंग, मूठभर पोहे, ओंजळभर दाणे. बाकीची मापं भाजीच्या टोपलीतून घेतली आहेत. लिंबाएवढी चिंच, सुपारीएवढा गूळ. गंमत म्हणजे मोजता येणाऱ्या लिंबाने न मोजता येणारी चिंच मोजायची, आणि त्या लिंबाचा आकार कोणी विचारायचा नाही. दशमान पद्धत देशात आली त्याला साठ वर्षं उलटून गेली, चिपटं, मापटं, शेर आणि पायली अडगळीत गेली, पण मिठाचं माप आजही 'चवीनुसार' आहे. ॲबस्ट्रॅक्ट नाऊनने मटेरियल नाऊन मोजण्याचा असा धाडसी प्रयोग पाककृतीशिवाय अन्यत्र कुठे होत नाही.

प्रॉपर नाऊनचा रकाना मुलांना सोपा वाटतो. कॅपिटल अक्षर दिसलं की ढकला तिकडे. पण स्वयंपाकघरात आलेलं विशेषनाम फार काळ विशेष राहत नाही. केंट परगण्यातलं सँडविच हे गाव. तिथला चौथा अर्ल जॉन मॉन्टेग्यू पत्त्यांच्या टेबलावरून उठायचा नाही म्हणून त्याला पावात मांस घालून देत, अशी दंतकथा आहे. त्याचा चरित्रकार म्हणतो की तो कामाच्या टेबलावरून उठत नसावा; पण या खुलाशाने कोणाचं समाधान झालेलं नाही. १७६२ साली इतिहासकार एडवर्ड गिबनच्या रोजनिशीत सँडविच खाद्य म्हणून आलं, आणि आज मुंबईच्या कुठल्याही कोपऱ्यावर बटाटा, बीट, काकडी आणि हिरवी चटणी घालून हा अर्ल चौकोनी तुकड्यांत कापला जातो. सीझर सॅलडचा रोमन सम्राटाशी संबंध जोडणाऱ्यांचीही निराशा ठरलेली. तो सीझर म्हणजे सीझर कार्डिनी, मेक्सिकोतल्या टिहुआनातला हॉटेलवाला, साल १९२४.

यात सगळ्यात लांबचा प्रवास पीच मेल्बाचा. इंग्लंडच्या डर्बीशरमध्ये मेलबर्न नावाचं एक लहानसं गाव. त्या गावावरून एका घराण्याला लॉर्ड मेलबर्न हा किताब. तो लॉर्ड पंतप्रधान असताना त्याच्या नावाने ऑस्ट्रेलियात शहर. त्या शहरावरून हेलन मिचेल या गायिकेने घेतलेलं टोपणनाव नेली मेल्बा. आणि तिच्यासाठी लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात एस्कॉफिए या बल्लवाचार्याने केलेली पीचची मिठाई. गाव, लॉर्ड, शहर, गायिका, फळ. पुढे तिच्याच नावाने पातळ कुरकुरीत मेल्बा टोस्ट आला आणि बाईंचं विशेषनाम इंग्रजी व्याकरणात अगणनीय होऊन बसलं, कारण इंग्रजीत टोस्ट मोजता येत नाही.

आपल्याकडे ही कामगिरी कंपन्यांनी केली. १९३७ साली वनस्पती तूप बाजारात आलं, तेव्हा 'दादा' या जुन्या डच नावात लीव्हर कंपनीचा 'ल' घुसवून डालडा हा शब्द बनवला गेला. दोनतीन पिढ्यांनी डबा कुठलाही असो, आत डालडाच आहे असं मानलं. रिकाम्या डब्यात तुळस लावली तरी ती डालड्याच्या डब्यातली तुळस. फेलिचे बिस्लेरी हे एका इटालियन गृहस्थाचं नाव. आज एसटी स्टँडवर भलत्याच कंपनीची बाटली हातात घेऊन माणूस ओरडतो, "ही बिसलेरी केवढ्याला?" आणि विलेपार्ले या उपनगराचं नाव तर चहात बुडवून खाल्लं जातं.

विशेषनामाची इभ्रत राखायला मग सरकारला मध्ये पडावं लागतं. हापूस हे नाव गोवा जिंकणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्कवरून आलं असं मानतात, म्हणजे तेही मुळात माणसाचंच. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. कायद्याने तो प्रॉपर नाऊन झाला. पण एप्रिलमध्ये हातगाडीवर कर्नाटकातून आलेल्या आंब्यांवर 'देवगड हापूस' अशी पाटी लागलेली असते, आणि गाडीवाल्याच्या मते पिकलेला, पिवळा, गोड असा कुठलाही आंबा हापूस या सामान्यनामाचा मानकरी आहे. बोंबलाच्या नशिबी याच्या उलट आलं. इंग्रजांनी त्याला 'बॉम्बे डक' म्हटलं. नाव शहराचं, जात बदकाची, आणि प्राणी मासा. १९९७ साली युरोपियन संघाने त्याची आयात थांबवली होती, तेव्हा विलायतेतल्या खवय्यांनी केलेल्या आरडाओरड्यात बदकांची काही बाजू कोणी घेतली नाही.

एक नियम मात्र असा आहे की तो रेन-मार्टिनने सांगितला आणि मराठी माणसाला एका फटक्यात पटला. दोन नामं मिळून एकच वस्तू होत असेल तर क्रियापद एकवचनी: 'ब्रेड अँड बटर इज'. हे समजायला मराठी माध्यमातल्या मुलाला काहीच कष्ट पडत नाहीत, कारण समाहार द्वंद्व त्याने आधीच पाठ केलेला असतो. मीठभाकर, चहापाणी, भाजीपाला. सगळे एकवचनी. वरणभात झाला, झाले नाहीत. पिठलंभाकरीही एकच. त्या नियमाची कडक अंमलबजावणी खानावळीत दिसते. वरणभातातलं वरण नको, त्याचे पैसे कमी करा, असं म्हणून पाहावं. मालक समास सोडवून देत नाही.

ब्रेडवर मात्र आपण आणि इंग्रज कधीच एक होणार नाही. त्यांचा ब्रेड अगणनीय. त्याची लोफ होते, स्लाइस होते, पीस होतो, पण दोन ब्रेड होत नाहीत. आपल्याकडे आजारी माणसालाही डॉक्टर "चहाबरोबर दोन ब्रेड घ्या" म्हणतात. गोव्यात सकाळी पोदेर सायकलवर भोंगा वाजवत येतो, तेव्हा उंडे आणि पोळ्या नगावर घेतल्या जातात. मुंबईत पावाची लादी असते. लादी फोडली की पाव सुटे होतात आणि ती फोडण्याचा हक्क बेकरीवाल्याने स्वतःकडे ठेवलेला असतो.

इंग्लंडात न मोजता येणाऱ्यांची काळजी इतकी, की टेस्को या दुकानमालिकेला २००८ साली झटपट काउंटरवरच्या पाट्या बदलाव्या लागल्या. '१० आयटम्स ऑर लेस' यातलं 'लेस' अगणनीय वस्तूंसाठी, मोजता येणाऱ्या आयटमना 'फ्यूअर' हवं, अशी व्याकरणप्रेमींची तक्रार. कंपनीने 'लेस'ही काढलं नि 'फ्यूअर'ही लावलं नाही. 'अप टू १० आयटम्स' लिहून मोकळी झाली. आपल्या हॉटेलांतून हा प्रश्न कधी उद्भवत नाही. इथे प्रत्येक पदार्थ कोणत्या प्रकारचा, हे वेटर ठरवतो आणि त्याचा निकाल अंतिम असतो. डोशाचं पीठ रात्रभर पातेल्यात फुगतं तेव्हा मटेरियल नाऊन असतं. तव्यावर पडलं की एक सादा, दोन मसाला. इंग्रजीत 'टू कॉफीज' म्हणावं की नाही यावर पंडितांनी शाई खर्च केली. माटुंग्याच्या उडपी हॉटेलात "दोन कॉफी, एक स्ट्राँग" ही आरोळी त्याआधीच भटारखान्यात पोचलेली असते. कटिंग तर त्याहून पुढचं. मूळ इंग्रजी क्रियापद, त्याला लागलेलं 'इंग', त्यातून चहाचं विशेषण, मग चहा गळून पडला आणि उरलं ते मोजता येणारं नाम: तीन कटिंग.

मिसळीच्या दुकानात मात्र वेटरचाही कस लागतो. मिसळ मोजतात, पाव मोजतात, पापडही मोजतात. प्रश्न येतो तो वरून ओतायच्या रश्श्याचा. कोल्हापुरात तो कट, नागपूरकडे तर्री आणि पुण्यात सॅम्पल. इंग्रजीतलं सॅम्पल हे पक्कं गणनीय नाम. वन सॅम्पल, टू सॅम्पल्स. पुण्यात येऊन ते पातळ झालं, बादलीतून ओगराळ्याने वाढायचं झालं, आणि 'अजून सॅम्पल' असं अमर्याद मागता येऊ लागलं. मालकांच्या हे लवकरच लक्षात आलं. म्हणून भिंतीवर पाट्या असतात: 'एक्स्ट्रा पावाचे पैसे पडतील', 'एक मिसळ दोघांत खाल्ल्यास सॅम्पल एकदाच मिळेल'. दुसऱ्या पाटीखाली बसून दोन कॉलेजकुमार एकाच ताटलीत चौथ्यांदा सॅम्पल घेत असतात. वेटर ओततो, कारण मोजत बसायला त्याला वेळ नसतो. जेवण आटोपून दोघं गल्ल्यापाशी येतात. एक जण प्रामाणिकपणाच्या झटक्यात सांगायला लागतो की एक मिसळ झाली, दोन एक्स्ट्रा पाव, सॅम्पल जरा जास्तच झालं. मालक नोटांवरची नजर न काढता म्हणतो, "सॅम्पल राहू दे. पाव दोनच का?"